गिअरचे तेल आणि बाटलीवरची भाषा

लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्यात मसाला करायला आलेले गिऱ्हाईक काय काय विचारते, ते ऐकण्यासारखे असते. बेडगी किती घ्यायची, लवंगी किती, संकेश्वरी नीट वाळलेली आहे का, धणे नवे की गेल्या वर्षीचे. एवढे विचारून झाले तरी मसाला डंकावर कुटून होईपर्यंत ते तिथून हलत नाही. त्याच घरातला माणूस दुसऱ्या दिवशी मोटारसायकल घेऊन गॅरेजमध्ये जातो आणि एकच वाक्य बोलतो, ‘ऑइल बदलून टाका, चांगलेवाले.’

चांगलेवाले म्हणजे कोणते, हे तो विचारत नाही. उस्तादही सहसा सांगत नाही. फळीवर जी बाटली असेल ती उघडली जाते. मसाला बिघडला तर वर्षभर आमटीची चव बिघडते, म्हणून आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. तेल चुकले तर क्लच जातो, गिअर अडकतात, इंजिन आयुष्याच्या अर्ध्यावर थकते. पण तिथे आपण पाठ फिरवून चहा प्यायला जातो.

हा निष्काळजीपणा लोकांच्या स्वभावातला आहे, असे मला वाटत नाही. मिरचीची नावे आपल्या भाषेत आहेत, तेलाची नाहीत. मसाल्याचे ज्ञान घरातून आले, तेलाचे ज्ञान इंग्रजी बाटलीवर आणि इंग्रजी पुस्तिकेत बंद राहिले. या लेखात दोन गोष्टी मांडायच्या आहेत. मोटारसायकलच्या गिअरसाठी तेल कसे निवडावे हे कोणालाही समजू शकते, ही पहिली. ते समजू न देण्याची किंमत या शहरात गाडीवर पोट असलेला माणूस मोजतो, ही दुसरी.

गिअरचे तेल वेगळे नसते, हीच मेख

मोटारीत इंजिनचे तेल वेगळे आणि गिअर बॉक्सचे वेगळे असते. त्यामुळे ‘गिअर ऑइल’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर जाड, उग्र वासाचे नव्वद नंबरचे तेल येते. आजच्या बहुतेक चार स्ट्रोक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच एकाच घरात राहतात आणि एकाच तेलावर जगतात. जे तेल पिस्टन आणि क्रँकला मिळते, तेच गिअरच्या दातांवर जाते आणि त्याच तेलात क्लचच्या प्लेटा बुडालेल्या असतात.

म्हणजे त्या तेलाकडून आपण दोन उलट अपेक्षा करतो. इंजिनात त्याने घर्षण कमी करायचे. क्लचमध्ये मात्र घर्षण शिल्लक ठेवायचे, नाहीतर प्लेटा एकमेकींना पकडणारच नाहीत. शिवाय गिअरचे दात तेलाला चिरडत असतात. मल्टिग्रेड तेलात गरमीतही जाडी टिकावी म्हणून लांब साखळीचे पॉलिमर घातलेले असतात. गिअरच्या दातांखाली त्या साखळ्या तुटतात आणि तेल हळूहळू पातळ होते. गिअर पूर्वीसारखा अलगद पडत नाही, न्यूट्रल सापडत नाही, पायाला खट्‌खट् जाणवते. अशा वेळी अनेकदा गिअर बॉक्स बिघडलेला नसतो, तेल दमलेले असते.

म्हणून मोटारसायकलचे तेल निवडताना इंजिनाइतकाच क्लचचा आणि गिअरचा विचार करावा लागतो. ‘मोटारीत चालते, मग गाडीत का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते.

आकडा काय सांगतो

बाटलीवर सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो तो जाडीचा आकडा. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-५०, २०डब्ल्यू-५०. यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो आणि ही चाचणी शून्याच्या बऱ्याच खालच्या तापमानावर घेतली जाते. मुंबईत नोंदलेले नीचांकी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला. तेव्हा गिरगावात थंडीने तेल गोठून गाडी सुरू झाली नाही, असे होणार नाही. आपल्यासाठी महत्त्वाचा आहे तो दुसरा आकडा. शंभर अंशांना तापलेले तेल किती जाड राहते, ते तो सांगतो.

त्या आकड्यात कंपनीने विचार केलेला असतो. हीरोच्या स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, बजाजच्या पल्सर १५० ला २०डब्ल्यू-५० आणि नव्या रचनेच्या बुलेटला १५डब्ल्यू-५० सांगितलेले असते. परळच्या एखाद्या चाळीखाली या तीन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतील, तर एकाच डब्यातून तिघींना तेल घालणे म्हणजे तीन रुग्णांना एकच औषध देणे. आपल्या मॉडेलचा आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत, तांत्रिक माहितीच्या तक्त्यात असतो. अनेक गाड्यांत तेलाचे प्रमाण इंजिनच्या कव्हरवरही कोरलेले असते.

इथे आपला सर्वांत मोठा गैरसमज आड येतो, तो म्हणजे जाड तेल चांगले. ‘शेठ, जाडवाले टाकतो, आवाज बसेल,’ हे वाक्य दादरपासून गिरगावपर्यंत कुठेही ऐकायला मिळते. आवाज बसतो हे खरे आहे. पण नव्या इंजिनातल्या फटी बारीक असतात, त्यांच्यातून पातळ तेल वेगाने वर पोहोचावे असे गृहीत धरलेले असते. जाड तेल सकाळी पहिल्या मिनिटाला उशिरा पोहोचते, इंजिनाला स्वतःचेच तेल ढवळायला जास्त ताकद लागते आणि पेट्रोल वाढते. आवाज दबला म्हणजे झीज थांबली असे नाही. इंजिन खूप चाललेले असेल, तेल जळत असेल, तर एक पायरी जाड तेल घालणे समजू शकते. तेही पुस्तिकेतल्या तक्त्यात बसत असेल तरच.

दुसरा गैरसमज नव्वद नंबरचा. चाळीसपेक्षा पन्नास जाड, मग नव्वद तर फारच जाड, असा सरळ हिशेब केला जातो. पण इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. शंभर अंशांवर मोजले तर गिअर ऑइलच्या पट्टीवरचा नव्वद हा इंजिन ऑइलच्या पट्टीवर चाळीस-पन्नासच्या आसपासच येतो. एक पट्टी इंचाची आणि दुसरी सेंटिमीटरची असावी, तसे हे आहे. नव्वदमध्ये वेगळे असते ते आतले रसायन. त्यात दातांवरचा दाब सोसण्यासाठी गंधक आणि फॉस्फरसची संयुगे असतात. इंजिनातली काजळी धरून ठेवणारी आणि ज्वलनाची उष्णता सोसणारी द्रव्ये नसतात. म्हणून ‘गिअर कडक पडतोय’ म्हणून सामायिक तेलाच्या गाडीत नव्वद नंबर मिसळणे हा उपाय नव्हे. क्लच घसरू लागतो आणि इंजिनाला चुकीचे तेल मिळते.

एका अक्षराची किंमत

आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट बाटलीच्या मागे, बारीक टायपात असते. तिथे ‘जासो’ असे लिहून पुढे एमए, एमए२ किंवा एमबी अशी अक्षरे असतात. जासो ही जपानची वाहन मानके ठरवणारी संस्था. नव्वदच्या दशकात मोटारींच्या तेलात इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये वाढली आणि तीच तेले मोटारसायकलींत घातल्यावर क्लच घसरू लागले. त्यावर उपाय म्हणून १९९८ मध्ये चार स्ट्रोक मोटारसायकलींसाठी वेगळे मानक आले. एमए म्हणजे क्लचला पकड देणारे तेल. एमए२ ही त्यातली अधिक पकडीची पायरी. एमबी म्हणजे कमी घर्षणाचे तेल, तेलात बुडालेला क्लच नसलेल्या गाड्यांसाठी.

ॲक्टिव्हासारख्या गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तेलाबाहेर असतो. त्यामुळे तिच्या इंजिनाला एमबी चालते आणि फायद्याचेही ठरते. आता दुकानाच्या फळीवर पाहा. १०डब्ल्यू-३० च्या दोन बाटल्या, किमतीतही फारसा फरक नाही. एकीवर एमए, दुसरीवर एमबी. घरात बायकोची स्कूटर आणि नवऱ्याची मोटारसायकल असेल आणि स्कूटरचे उरलेले तेल मोटारसायकलमध्ये गेले, तर आकडा बरोबर असूनही अक्षर चुकते. मग लालबागचा उड्डाणपूल चढताना इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही. उस्तादाकडे नेली की तो म्हणतो, ‘प्लेट गेली.’ प्लेट गेली हे खरे असते, पण ती का गेली हे कोणी विचारत नाही. नवी प्लेट टाकून पुन्हा तेच तेल घातले, तर थोड्याच महिन्यांत तेच गिऱ्हाईक परत येते.

मोटारीच्या तेलाच्या बाबतीत आणखी एक खूण लक्षात ठेवावी. एपीआय या अमेरिकी संस्थेचे गोल चिन्ह बाटलीवर असते. त्या गोलाच्या खालच्या भागात इंधन वा संसाधन बचतीचा उल्लेख असेल, तर ते तेल तेलात बुडालेल्या क्लचच्या गाडीत घालू नये. त्याच चिन्हात एसएल, एसएम, एसएन अशी अक्षरे असतात. पुढचे अक्षर म्हणजे नवी श्रेणी, एवढाच त्याचा अर्थ. ती श्रेणी इंजिनाची काळजी सांगते, क्लचची नाही. म्हणून ‘सर्वांत नवे, सर्वांत महाग’ तेल मोटारसायकलला सर्वांत योग्य असेलच असे नाही. सिंथेटिक तेल गरमीत अधिक टिकते, हे निश्चित. पण एमए नसलेल्या सिंथेटिकपेक्षा एमए असलेले साधे खनिज तेल शंभर सीसीच्या गाडीला बरे.

जुन्या गाड्यांचा वेगळा हिशेब

या भागात जुन्या गाड्या जपणारे शौकीन पुष्कळ आहेत आणि त्यांच्या बाबतीत वरचा नियम बदलतो. २००९ च्या सुमारास रॉयल एनफिल्डने इंजिन आणि गिअर बॉक्स एकत्र असलेली नवी रचना आणली. त्याआधीच्या, बीडाच्या सिलिंडरच्या बुलेटला तीन घरे असतात: इंजिन, क्लच असलेली प्रायमरी आणि स्वतंत्र गिअर बॉक्स. तिथे गिअरचे तेल खरोखर वेगळे असते. पण त्यातही डोळे मिटून कोणतेही नव्वद घालू नये. गिअर ऑइलवर जीएल-४ आणि जीएल-५ अशा खुणा असतात. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी गंधकयुक्त द्रव्ये जास्त असतात आणि काही तेलांतली ती द्रव्ये पितळ, काशासारख्या पिवळ्या धातूंना खातात. जुन्या बुलेटच्या गिअर बॉक्समध्ये काशाचे बुश असतात. तिथे जीएल-४ हा शहाणपणाचा पर्याय आहे.

यामाहा आरएक्स १०० ही दोन स्ट्रोक गाडी. तिला दोन तेले लागतात आणि दोघांची कामे वेगळी आहेत. बाजूच्या टाकीतले टू-टी तेल पेट्रोलबरोबर जळून जाते. गिअर बॉक्समधले तेल, साधारण ६५० मिली, तसेच राहते आणि तेच बदलायचे विसरले जाते. टू-टी रोज दिसते, संपते, म्हणून आठवते. गिअरचे तेल संपत नाही, म्हणून वर्षानुवर्षे तेच राहते. जुन्या येझदीचीही तीच कथा. या गाड्यांचे क्लचही तेलातच असतात, त्यामुळे तिथेही घर्षण मारणारे मोटारीचे तेल नको.

गिअरलेस स्कूटरला गिअर नसतो, असे आपण म्हणतो. पण मागच्या चाकाजवळ तिच्या गिअरची एक छोटी पेटी असते आणि तिच्यात कपभर तेल असते. काही कंपन्या त्यात इंजिनचेच तेल सांगतात, काही ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल सांगतात. ते बदलायला मागणारे गिऱ्हाईक क्वचितच दिसते.

मुंबई हे तेलाचे कठीण शहर

‘तीन हजार किलोमीटरला तेल बदला,’ हे ढोबळ वाक्य सगळीकडे चालते. पण किलोमीटर हे माप रस्त्याचे आहे, तेल मात्र तासांनी झिजते. ताशी चाळीसच्या सरासरीने तीन हजार किलोमीटर कापले, तर इंजिन पंचाहत्तर तास चालते. परळ, दादर टीटी, करी रोडचा पूल असे करत ताशी पंधराची सरासरी पडली, तर तेच अंतर दोनशे तासांचे होते. काट्यावर आकडा सारखाच, पण तेलाने पावणेतीन पट काम केलेले असते. त्यात इंजिन हवेने थंड होणारे आणि सिग्नलवर हवा नाही. क्लच अर्धा दाबून गाडी पुढे सरकवणे ही तर मुंबईकराची सवयच. प्लेटा तापतात, त्यांचा भुगा तेलात जातो. म्हणून शहरात गाडी हाकणाऱ्याने पुस्तिकेतला अवघड वापराचा, कमी अंतराचा सल्ला आपल्यासाठी आहे असे समजावे.

पावसाळा हे दुसरे संकट. हिंदमाताच्या पाण्यासाठी महापालिकेने भूमिगत टाक्या बांधल्या, तरी जोराच्या पावसात पाणी गुडघ्यापर्यंत येण्याची धास्ती गेलेली नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी तिथेच किक मारून सुरू करण्याचा मोह टाळावा. ढकलत बाहेर काढावी आणि तेल पाहावे. तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर आत पाणी गेले आहे. ते पूर्ण काढून नवे घालावे, थोडा वेळ इंजिन चालवावे आणि ते तेलही काढून टाकावे. या पहिल्या धुण्यासाठी पुस्तिकेतल्या श्रेणीचे स्वस्तातले तेल पुरते. पाणी मिसळलेल्या तेलावर चार दिवस गाडी चालवली, तर बेअरिंग आणि गिअरचे दात गंजतात; त्यापुढे तेलाचा खर्च काहीच नाही.

नकली माल आणि रिकामी बाटली

बरोबर आकडा, बरोबर अक्षर शोधून बाटली घेतली आणि आत भलतेच तेल निघाले, तर? नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या बाटल्यांत गाळलेले जुने तेल भरून विकण्याचा धंदा जुना आहे. यात कच्चा माल आपणच पुरवतो. गॅरेजमध्ये सोडून दिलेली धड बाटली, झाकणासकट, भंगारात जाते आणि तिथून पुन्हा भरायला. म्हणून बाटली स्वतः विकत घ्यावी, झाकणाखालचा चिकटवलेला पापुद्रा आपल्या समोर फोडून घ्यावा, बॅच आणि उत्पादनाची तारीख पाहावी. ओतून झाल्यावर बाटलीला स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडावे. एका मिनिटाचे काम आहे आणि पुढच्या माणसाची फसवणूक टळते.

काढलेले तेल गटारात जाऊ देऊ नये, हेही गिऱ्हाईकाने पाहायला हवे. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेले तेल गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर टाकली आहे. पण कंपनी आणि गल्लीतले गॅरेज यांच्यामध्ये जो डबा ठेवायला हवा, तो अजून किती गॅरेजांत दिसतो, हे प्रत्येकाने आपापल्या नाक्यावर पाहावे.

पाटी मराठी, बाटली इंग्रजी

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वर जे सांगितले त्यात कठीण काही नाही. एक आकडा, एक अक्षर, एक तारीख. दहावी न झालेला मुलगाही ते अर्ध्या तासात शिकेल. मग ते लोकांपर्यंत का पोहोचत नाही?

सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. शहरात त्यावरून बरेच वातावरण तापले. पाट्या लागल्या, अक्षरे मोठी झाली. त्या पाटीखालून दुकानात शिरले, की तेलाच्या एकाही बाटलीवर उपयोगाची माहिती मराठीत सापडत नाही. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार आवश्यक मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असला की पुरे. अन्य भाषा जोडायला बंदी नाही, पण सक्तीही नाही. म्हणजे कायद्याने इंग्रजी पुरेशी आणि कंपन्यांना तेवढेच पुरते. हिंदुस्तान पेट्रोलियमच्या माहुलच्या रिफायनरीत लुब्रिकंटचे बेस ऑइल तयार होते, माझगावात तेल मिसळण्याचा कारखाना आहे. ज्या शहरात तेल बनते, त्या शहराच्या भाषेत ते कशासाठी आहे एवढेही लिहिलेले नसते.

भाषेचा अभिमान पाटीपाशी थांबला, की तो शोभेचा होतो. माझ्या दृष्टीने भाषेचे खरे काम पाटीच्या आत सुरू होते. ‘तेलात बुडालेल्या क्लचच्या गाडीसाठी’ किंवा ‘फक्त गिअरलेस स्कूटरसाठी’, एवढी एक ओळ मराठीत छापली, तर किती क्लच वाचतील! गाडीच्या पुस्तिकेतले तेलाचे एक पान मराठीत दिले, तर कंपनीचा खर्च वाढत नाही, गिऱ्हाईकाचा वाचतो.

यावर एक आक्षेप येतो. गिऱ्हाईकाने कशाला डोके चालवायचे? उस्तादाला विचारावे, त्याचा अनुभव मोठा असतो. अनुभवाचा आदर मलाही आहे. गाडीचा नुसता आवाज ऐकून टायमिंग चेन की टॅपेट हे सांगणारे उस्ताद या भागात आहेत. पण त्यांचा अनुभव ज्या गाड्यांवर तयार झाला, त्या गाड्या बदलल्या. बुलेट, येझदी, चेतकवर हात बसलेल्या माणसाला नव्वद नंबर जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. त्याच्यापर्यंत बदल पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची? कंपन्या आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या लोकांना प्रशिक्षण देतात. गल्लीतल्या उस्तादाकडे येतो तो ऑइल विकणारा एजंट. तो बाटल्यांवरची सवलत समजावतो, बाटलीवरचे अक्षर नाही.

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिले होते, की मुस्लिमांचा मोठा हिस्सा स्वयंरोजगारात आहे आणि वाहनांची विक्री-दुरुस्ती हे त्यांच्या तुलनेने जास्त उपस्थितीचे एक क्षेत्र आहे. नागपाडा, भायखळ्यापासून परळपर्यंतच्या गॅरेजांत ते दिसतेच. उस्तादाकडून शागीर्दाकडे जाणारी ही विद्या कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय टिकली, ही मोठी गोष्ट आहे. पण त्या साखळीत नवी माहिती बाहेरून घातली गेली नाही, तर तिच्यातून जुनी चूकही तितक्याच निष्ठेने पुढे जाते. चुकीची बाटली ओतणाऱ्या पोराला कोणी शिकवलेच नसेल, तर त्याला अडाणी म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. तोच पोर दिवसभर उघड्या हातांनी काळे तेल काढतो. वापरलेल्या इंजिन ऑइलचा त्वचेशी वारंवार संपर्क टाळावा, असा इशारा अनेक बाटल्यांवर असतो. कारण दीर्घकाळ संपर्काने त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका असतो. हा इशाराही इंग्रजीतच. ज्याच्या हातासाठी तो लिहिला, त्याला तो वाचता येत नाही.

या शहरात कामगाराला यंत्र कळत नाही, असे कधीच नव्हते. लालबाग-परळच्या गिरण्यांत चात्यांसाठी पातळ स्पिंडल ऑइल आणि जड गिअरसाठी जाड तेल, हा फरक रोजच्या कामात होता. सांधे खात्यातल्या कोकण-घाटावरच्या माणसाला तो कळत होता आणि मदनपुऱ्यातून माग चालवायला येणाऱ्या मोमिनालाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या गेल्या आणि यंत्राशी असलेले ते सामूहिक नातेही तुटले. त्याच घरांतली नातवंडे आज पाठीवर पिशवी लावून मोटारसायकलवर जेवण आणि पार्सले पोहोचवतात. त्यांचे यंत्र आता एकट्याचे आहे. ते बिघडले तर खात्यातला फिटर येत नाही, जॉबर दुसऱ्या मागावर लावत नाही. क्लच गेला की प्लेटांचा सेट, गॅस्केट, मजुरी आणि वर त्या दिवसाची बुडालेली कमाई, सारे त्याच्याच खिशातून. ज्या कंपनीसाठी तो धावतो, तिच्या हिशेबात त्याचे तेल नसते.

म्हणून तेलाची निवड ही शौकिनांच्या गप्पांची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. हजारो घरांच्या महिन्याच्या खर्चात ती बसलेली आहे. त्यासाठी सरकारने आधी फार मोठे काही करावे असेही नाही. नियमांत एका ओळीची दुरुस्ती आणि पुस्तिकेत एक पान, एवढे पुरेल. तोवर आपल्या हातातले करू. पुस्तिका शोधून तेलाचा आकडा, अक्षर आणि मिली एका चिठ्ठीवर मराठीत लिहावे आणि ती चिठ्ठी गाडीच्या कागदांबरोबर ठेवावी. गॅरेजच्या भिंतीवर उस्तादाने नेहमीच्या दहा गाड्यांचा तक्ता लावावा. मोहल्ल्यातल्या, चाळीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने तो लिहून द्यावा. गणेशोत्सव मंडळे आणि जमाती रक्तदान शिबिरे घेतात, वह्या वाटतात. त्यांनी एखाद्या रविवारी उस्ताद आणि डिलिव्हरीची पोरे एकत्र बसवून बाटली वाचायला शिकवली, तर ते समाजकार्यच होईल.

आणि पुढच्या वेळी गॅरेजमध्ये ‘चांगलेवाले टाका’ म्हणू नये. ‘बाटली दाखवा’ म्हणावे. उस्ताद रागावणार नाही. दोन-चार गिऱ्हाइकांनी विचारले, की तो स्वतःच बाटली फिरवून मागचे अक्षर वाचू लागेल.